शिवणीतली माया : दख्खनचा पोशाख आणि गोल पोटाचा इतिहास

#थ्रेड

(१)
लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मलिक अंबरचे एक चित्र आहे. मुघल दरबारातील चित्रकार हाशिम याने ते इ.स. १६२० च्या सुमारास काढले. चित्रातील पुरुष एका बाजूने दिसतो. अंगावर पांढरा तलम जामा, डोक्यावर पागोटे, चेहरा करारी. धड मात्र चांगलेच भरदार आहे. छातीपासून पोटापर्यंत एकच मोठी गोलाई उतरत आली आहे. १६१० मध्ये खडकी वसवून आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घालणाऱ्या या सेनानीला आजची फॅशनची भाषा ‘सफरचंदी बांध्याचा’ म्हणेल.

(२)
सफरचंदी बांधा म्हणजे शरीराचा भार मध्यभागी असणे. खांदे, छाती आणि पोट भरलेले, कंबर ठळकपणे वेगळी न दिसणारी, हातपाय त्या मानाने सडपातळ. हा बांधा स्त्रियांचा असतो तसाच पुरुषांचाही. अशा बांध्यासाठी आज जो सल्ला मिळतो तो बहुतेक ‘पोट लपवा’ या दोन शब्दांत संपतो. या शहराच्या परिसरात शरीर आणि वस्त्र यांच्या नात्याची दीड हजार वर्षांची चित्रे, शिल्पे आणि विणकाम उपलब्ध आहे. त्यांत गोल पोटाला कोणते स्थान होते, ते ‘दोष’ केव्हा ठरले आणि त्या जुन्या शिवणकामातून आज काय घेता येईल, हे पाहण्यासारखे आहे.

(३)
प्रथम मलिक अंबरच्या चित्राचा संदर्भ ध्यानात घ्यावा. हे चित्र त्याच्या मित्राच्या दरबारात काढलेले नाही. बादशाह जहांगीर अंबरचा कमालीचा द्वेष करीत असे. अंबरच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडत आहोत, असे काल्पनिक चित्रही त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून काढवून घेतले होते. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. त्याच दरबारात काम करणाऱ्या हाशिमने मात्र अंबरचे शरीर जसे होते तसे रेखाटले आणि त्यात उपहासाचा अंशही आणला नाही. पोटाची गोलाई चित्रकाराने लपवलेली नाही, अंगावरच्या तलम वस्त्रानेही नाही. तरीही पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो रुबाबाचा.

(४)
हा रुबाब येतो कोठून? त्याचे एक उत्तर जाम्याच्या रचनेत आहे. जाम्याचे दोन भाग असतात. वरचा भाग छातीवर एकावर एक येणाऱ्या दोन पाखांचा. तो काखेखाली बंदांनी बांधतात. खालचा भाग म्हणजे भरपूर चुण्यांचा घेर. या दोन भागांना जोडणारी शिवण कमरेच्या नैसर्गिक जागेपेक्षा बरीच वर, छातीच्या खालच्या अंगाला असते. पोट जिथून पुढे येऊ लागते, त्याच्या वरच कापडाचा घेर सुरू होतो. त्यामुळे पोटावर कापड ताणले जात नाही, वरून खाली ओघळते. पटक्याची लोंबती टोके समोरून एक उभी रेघ आखतात आणि नजर त्या रेघेबरोबर खाली जाते.

(५)
या कपड्याविषयी एक सुरेख नोंद ‘आईन-ए-अकबरी’त सापडते. अकबराच्या वस्त्रागाराचे वर्णन करताना अबुल फजल सांगतो की बादशाहाचे कपडे उंच माणसालाही बसतात आणि ठेंगण्यालाही, आणि याचे लोकांना मोठे कोडे पडते. अबुल फजलला त्यात बादशाहाचे अलौकिकत्व दिसले. कपड्याची कापणी पाहिली, तर निदान घेरापुरते तरी या कोड्याचे उत्तर बंदांमध्ये सापडते. बटण एका ठरलेल्या काजात जाते. बंद मात्र हवा तेवढा सैल सोडता येतो. दोन पाखे एकमेकांवर किती चढवायची, हे कापणारा शिंपी ठरवत नाही, घालणारा ठरवतो. भरलेल्या अंगावर पाखे कमी चढतात, बारीक अंगावर अधिक. वस्त्र तेच राहते.

(६)
अबुल फजलने पुढे आकडेही दिले आहेत. शाही वस्त्रागारासाठी प्रत्येक ऋतूत एक हजार पूर्ण पोशाख तयार होत आणि १२ गाठोड्यांत बांधलेले १२० पोशाख सदैव सिद्ध असत. खिलत म्हणून सरदाराला पोशाख बहाल करण्याची रीत या काळात प्रचलित होती. दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगजेब दोनदा या प्रांतात राहिला. १६५३ मध्ये शहराला त्याचे नाव मिळाले. १६८२ मध्ये तो बादशाह म्हणून येथे परतला. मानाचा पोशाख स्वीकारणारा सरदार सडपातळ असो वा स्थूल, दरबारात त्याची शोभा राहिलीच पाहिजे. बंदांचा, घेराचा कपडा या व्यवहाराला सोयीचा होता.

(७)
जाम्याच्या आधीचा काळ पाहायचा तर बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात जावे. औरंगाबाद लेण्यांतील सातव्या क्रमांकाच्या लेण्यात पांचिक आणि हारिती यांची शिल्पे आहेत. पांचिक हा यक्षांचा सेनापती, हारिती ही मुलांचे रक्षण करणारी देवता. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हेच दांपत्य पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरलेले आहे. त्याच लेण्यात दुसऱ्या बाजूच्या उपगर्भगृहात पद्मनिधी आणि शंखनिधी हे दोन स्थूल यक्ष बसले आहेत. वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात, ज्याला लोक ‘इंद्रसभा’ म्हणतात, हत्तीवर आरूढ असलेला यक्षही असाच भरल्या पोटाचा आहे. पूर्वीच्या अभ्यासकांनी त्याला इंद्र समजल्यामुळे लेण्याला ते नाव पडले.

(८)
या सर्व आकृती वैभवाच्या, धान्याच्या आणि संततीच्या देवतांच्या आहेत. त्यांच्या शरीरावर शिवलेले वस्त्र नाही. नेसूचे वस्त्र पोटाच्या खाली बांधलेले असते आणि पोट मोकळे राहते. भारतीय मूर्तिकलेत छाती आणि बेंबी यांच्या दरम्यान बांधलेला एक पट्टा वारंवार दिसतो. त्याला ‘उदरबंध’ म्हणतात. नावात ‘बंध’ असला तरी तो पोट आवळण्यासाठी नसतो. शिल्पकाराने तो अलंकारासारखा वापरला आहे. ज्या अवयवाकडे नजर जाऊ नये असे आज सांगितले जाते, त्याच्यावर तेव्हा दागिना चढवला जात होता.

(९)
अजिंठ्याच्या चित्रांत शिवलेले कपडे नाहीत असे नाही. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या प्रसंगात नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांचे, अंगाबरोबर बसणारे वस्त्र आहे. सेवक, सैनिक आणि परदेशी पाहुणे यांच्या अंगावरही शिवलेले कपडे दिसतात. राजे आणि राण्या मात्र बहुधा नेसलेल्या वस्त्रांत आणि दागिन्यांत आहेत. काम करणाऱ्याचा कपडा त्याच्या शरीराला आवळून बसवलेला आणि मान्यवराचा कपडा सैल, असा तो भेद होता. पुढे हजार वर्षांनी जाम्याचा प्रचंड घेर हीच गोष्ट वेगळ्या प्रकारे सांगत होता: ज्याला जास्त कापड परवडते, त्याचे कापड अंगाला चिकटत नाही.

(१०)
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गोल पोटाचा हा मान सर्वांच्या वाट्याला आलेला नव्हता. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, सांगाड्यासारख्या कृश आकृतीही कोरलेल्या आहेत. हाडांचा सापळा म्हणजे काळ आणि मृत्यू. मलिक अंबरच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांनी, १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. ज्या प्रदेशात धान्याचा भरवसा नव्हता, तेथे पोट सुटणे हे घरात धान्य असल्याचे चिन्ह होते. भूतकाळात सर्व शरीरांना समान आदर मिळत होता, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरेल. आदर संपन्नतेला होता. वस्त्राची रचना मात्र गरीब आणि श्रीमंत दोघांचीही शरीराला जागा देणारी होती.

(११)
मराठी भाषेने हा दुजाभाव जपून ठेवला आहे. गणपतीच्या पोटाला प्रेमाने ‘दोंद’ म्हणतात. शेजाऱ्याच्या पोटाला ‘ढेरी’. देव लंबोदर असतो, माणूस ढेरपोट्या. याच भाषेत आणखी एक भेद आहे आणि तो या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. साडी, लुगडे, धोतर हे ‘नेसतात’. सदरा, झगा, विजार हे ‘घालतात’. घालण्याच्या वस्त्राला आधीच आकार असतो आणि शरीराला त्यात शिरावे लागते. नेसण्याच्या वस्त्राला शरीरावर आल्याशिवाय आकारच नसतो. मराठी माणसाच्या पोशाखाचा इतिहास म्हणजे नेसण्याकडून घालण्याकडे झालेला प्रवास होय.

(१२)
नऊवारी लुगडे हे नेसण्याच्या कलेचे उत्तम उदाहरण आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्यात शिवण नाही, बटण नाही, नाडी नाही. कापड कमरेभोवती आणून गाठ मारायची, निऱ्या करायच्या, कासोटा मागे खोचायचा, पदर तिरका वर न्यायचा. अंग भरले तर निऱ्या कमी होतात. अंग उतरले तर वाढतात. मुलगी सोळा वर्षांची असो, गरोदर असो वा सत्तरीची आजी असो, लुगडे तेच राहते. गरोदरपणासाठी वेगळे कपडे शिवावे लागत नव्हते, कारण वाढत्या पोटाची तरतूद त्या सव्वाआठ मीटरमध्येच होती. पदराची तिरकी रेघ छाती आणि पोट यांना एकाच ओघात झाकत जाते, हा त्याचा आणखी एक गुण.

(१३)
लुगड्याबरोबरची जुनी चोळीही समोर गाठ मारून घालायची होती. खणाची चोळी छातीखाली गाठीने आवळता किंवा सैल करता येत असे. पुरुषांच्या बाराबंदीचे तर नावच बंदांवरून पडले. अंगरख्याचीही रचना तशीच. एक पाखा दुसऱ्यावर तिरका येतो आणि बाजूला बांधला जातो. मुघल अमलात बंद कोणत्या बाजूला बांधायचा यावरून माणसाचा धर्म ओळखला जाई: मुसलमान उजवीकडे बांधत, हिंदू डावीकडे. बाजू कोणतीही असो, छातीवरून पोटाकडे जाणारी तिरकी रेघ दोघांच्याही अंगरख्यात होती. ती रेघ रुंद धडाला दोन भागांत विभागते, त्यामुळे ते सलग रुंद दिसत नाही.

(१४)
कापणीइतकेच महत्त्व कापडाला होते. या शहराची ओळख असलेले हिमरू हे सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणाचे, किनखाबाच्या धर्तीवरचे नक्षीदार कापड. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर येथे आले, अशी परंपरा सांगितली जाते. हिमरूच्या मागच्या बाजूला रेशमाचे सैल धागे राहतात. त्यामुळे कापडाला अंग येते आणि त्याचा चोगा किंवा शेरवानी शरीराच्या प्रत्येक वळणाला न चिकटता सरळ पडते. मशरू हे त्याचे भावंड. त्यात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. वरून चकचकीत रेशीम दिसते आणि आतून अंगाला सूत लागते. मशरूची चकाकी उजेड पकडते, म्हणून गोलाई अधिक उठून दिसते. हिमरूची बारीक, विखुरलेली नक्षी ती गोलाई विरघळवून टाकते.

(१५)
अठराव्या शतकात हे शहर निजामाच्या अमलाखाली गेले. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलली, तरी १९४८ पर्यंत औरंगाबाद हैदराबाद संस्थानाचाच भाग होते. एकोणिसाव्या शतकात या संस्थानात शेरवानी हा प्रतिष्ठेचा पोशाख ठरला. तिच्यात एक मोठा बदल होता: बंद गेले, बटणे आली. अंगरख्याला कमरेवर जी आडवी शिवण असे, ती शेरवानीत उरली नाही. उभ्या शिवणी वरून खाली उतरू लागल्या आणि समोर बटणांची एक लांब उभी रांग आली. ही उभी रांग भरल्या अंगाला शोभून दिसते. पण बटणाने घेर कायमचा ठरवला. चार बोटे पोट वाढले की कपडा अडू लागला.

(१६)
त्या अडचणीवरचा उपाय शिंप्याकडे होता. मराठी शिंपी शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतो, त्याला ‘माया’ म्हणतात. ‘बाजूला दोन बोटे माया सोडा’ हे वाक्य कोणत्याही जुन्या शिंप्याच्या दुकानात ऐकायला मिळे. ही माया म्हणजे उद्याच्या शरीराची आज केलेली तरतूद. शरीर बदलणार हे शिंप्याने आधीच मान्य केलेले असे; ते बदलले की शिवण उसवायची आणि माया मोकळी करायची. ज्या समाजाने संत नामदेवांसारखा शिंपी घराण्यातला संतकवी दिला, त्याने शिवणीतल्या जास्तीच्या कापडालाही जिव्हाळ्याचाच शब्द वापरला.

(१७)
माया संपली ती तयार कपड्यांच्या कारखान्यात. ठरावीक मापांचे तयार कपडे मोठ्या प्रमाणावर प्रथम सैन्यासाठी शिवले गेले. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) सैनिकांची मापे घेऊन गणवेशांचे आकार ठरवले गेले. १९३९ व १९४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी रुथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली आणि १९४१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्या मापांचा आधार घेऊन १९५८ मध्ये तेथे स्त्रियांच्या कपड्यांसाठी प्रमाण मापे जाहीर झाली. छाती, कंबर आणि नितंब यांचे ठरावीक प्रमाण त्यात गृहीत होते. ते प्रमाण बहुसंख्य शरीरांना लागू पडेना. १९८३ मध्ये तो मापदंड मागे घेण्यात आला. ‘साइज’ हा विचार मात्र जगभर उरला.

(१८)
सफरचंदाची उपमा फॅशनपेक्षा वैद्यकशास्त्राशी जवळची आहे. फ्रान्सच्या मार्से शहरातील डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की शरीरात चरबी किती आहे याबरोबरच ती कोठे साठते यालाही महत्त्व आहे. धडावर साठणारी आणि मांड्यांवर साठणारी असे दोन प्रकार त्यांनी केले. पुढे लोकांच्या बोलण्यात त्यांची सफरचंद आणि नाशपाती झाली. आरोग्याचा प्रश्न खराच आहे: भारतीयांसाठी पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर यापुढे गेली की डॉक्टर सावध करतात. पण तो प्रश्न दवाखान्याचा आहे. कपड्याने त्याची शिक्षा देण्याचे कारण नाही.

(१९)
मापांच्या तक्त्याचे अपयश समजून घ्यायला पुण्याचे एक संशोधन उपयोगी पडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर सारखे असूनही शरीरे वेगळी होती. भारतीय शरीरात चरबी पोटाभोवती साठण्याची प्रवृत्ती अधिक असते. म्हणजे सफरचंदी बांधा या भूमीत अपवाद नाही, तो नित्याचा आहे. परक्या शरीरांवर बेतलेल्या तक्त्याने त्याला अपवाद ठरवले.

(२०)
भारताकडे स्वतःचा मापतक्ता नव्हता, ही गोष्ट सरकारलाही मान्य करावी लागली. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, हिने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटातल्या २५,००० लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे ठरले. त्यामागचे कारण सरळ होते: भारतात विकले जाणारे तयार कपडे अमेरिकी आणि ब्रिटिश मापांच्या आधाराने शिवले जातात आणि म्हणून ते नीट बसत नाहीत. दुकानातल्या आरशासमोर उभ्या राहिलेल्या मुलीला किंवा मुलाला कुर्ता पोटावर ताणलेला आणि खांद्यावर सैल दिसतो, तेव्हा त्या घडीला हा सगळा इतिहास तिथे हजर असतो. तिला वाटते, चूक आपल्या शरीराची आहे.

(२१)
आता या इतिहासातून आजच्या खरेदीसाठी काय मिळते ते एकत्र पाहू.

जाम्यापासून: घेर पोटावर सुरू होऊ नये, छातीखाली सुरू व्हावा. आजचा अनारकली याच रचनेचा वारस आहे. पोटाच्या सर्वांत रुंद जागी आडवी शिवण, पट्टा किंवा जाड किनार आली की नजर तेथेच थांबते.

अंगरख्यापासून: छातीवर तिरकी जाणारी पाखे. अंगरखा पद्धतीचा, बाजूला बांधायचा कुर्ता आजही मिळतो आणि त्याचे बंद खरे असतील तर तो अंगाबरोबर सैल होतो. नुसते शोभेचे, वर शिवून टाकलेले बंद घेऊ नयेत.

(२२)
शेरवानीपासून: समोरची उभी रेघ. आतल्या कुर्त्यावर उघडे ठेवलेले लांब जाकीट किंवा सरळ सोडलेला दुपट्टा हेच काम करतो. लांबी पोटाच्या खालच्या कडेशी संपू नये. मांडीच्या मध्यापर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत जावी. या बांध्याचे पाय बहुधा सडपातळ असतात, तेव्हा खाली चुडीदार किंवा अरुंद विजार शोभते.

हिमरूपासून: अंगाला चिकटणाऱ्या पातळ, ताणल्या जाणाऱ्या कापडाऐवजी थोडे वजन असलेले, सरळ पडणारे कापड आणि बारीक नक्षी.

लुगड्यापासून: साडी नेसताना पदर तिरका आणि मोकळा. निऱ्या थोड्या बेंबीखाली खोचल्या तर पोटावर कापडाची जाडी वाढत नाही. परकराची नाडी करकचून बांधल्याने पोट कमी होत नाही, फक्त काचते.

(२३)
आणि शिंप्यापासून: माया. तयार कपडा घेताना तो शरीराच्या सर्वांत भरलेल्या भागाला सहज बसेल असा घ्यावा आणि खांदे किंवा बाह्या नंतर आत घालून घ्याव्यात. मोठा कपडा लहान करता येतो. कारखान्यात काठ कापून टाकलेला लहान कपडा मोठा करता येत नाही. विकत घेण्यापूर्वी कपडा उलटा करून आतली शिवण पाहणे ही सवय चांगली. गुलमंडी आणि पैठण गेटच्या परिसरात आजही कापड विकत घेऊन शिवून घेता येते. शिवायला टाकताना ‘माया सोडा’ एवढे दोन शब्द सांगितले तर तो कपडा आणखी काही वर्षे सोबत करतो.

(२४)
या शहराच्या संस्थापकाचे चित्र पुन्हा पाहिले तर एक गोष्ट जाणवते. अंबरच्या अंगावरचे कापड इतके तलम आहे की त्याने काही लपवण्याची अपेक्षाच नव्हती. दख्खनच्या पोशाखाने गोल पोट झाकण्याचा आटापिटा केला नाही. त्याला पुरेसे कापड, वरून सुरू होणारा घेर आणि सैल करता येणारी गाठ दिली. नजरेला सुखावणारी प्रमाणबद्धता त्यातून आपोआप येत असे. वस्त्राने शरीराप्रमाणे बदलावे, हा या प्रदेशाचा जुना नियम होता. तो मोडून जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्या आहेत आणि तो पुन्हा लागू करण्यासाठी लागणारे शिंपी, कापड आणि शब्द अजून इथेच आहेत.